कपाटावरचा स्कॅनर : यूएसबी, लिनक्स आणि आपले जुने कागद

(गडमुडशिंगी, ता. करवीर इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



इतिहासाच्या व्याख्यानाला टेबलावर लॅपटॉप आणि स्कॅनर कशाला, असं दोघातिघांनी दारातच विचारलं. फलकावरचा विषय वाचून काहींना कॉम्प्युटर क्लासची जाहिरात वाटली असेल, तर तसं नाही. आज आपण एका यंत्राचा इतिहास बघणार आहोत, आणि तो बराचसा गेल्या तीस-पस्तीस वर्षांतलाच आहे. पण त्याच्या तळाशी असलेला प्रश्न या व्याख्यानमालेच्या नेहमीच्या श्रोत्यांना नवा नाही. एखादी वस्तू समोर असते, धडधाकट असते, आणि तरी तिची भाषा जाणणारं कोणी उरत नाही. मोडी कागदांच्या बाबतीत आपण हे अनेकदा बोललो. आज तेच स्कॅनरच्या बाबतीत बोलू.

साधी गोष्ट बघा. पेनड्राइव्ह कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, चालतो. माउस लावा, कीबोर्ड लावा, चालतो. मग त्याच भोकात, तशाच वायरीनं स्कॅनर लावला की ‘स्कॅनर सापडला नाही’ असं का येतं? आणि लिनक्सवर तर हे हमखास होणार असं लोक का धरून चालतात? या ‘का’चं उत्तर इतिहासात आहे.

आधी कागदांबद्दल थोडं बोलू, कारण स्कॅनर कागदासाठी असतो. आपण बसलोय तिथून विमानतळ जवळच आहे. १९३९ साली, राजाराम महाराजांच्या काळात, कोल्हापूर संस्थानानं तो सुरू केला. अलीकडे धावपट्टी वाढवायची ठरली तेव्हा गडमुडशिंगीच्या जमिनी लागल्या. जमिनीचा विषय निघाला की घरातलं पहिलं काम कोणतं? माळ्यावरची ट्रंक खाली काढायची. सातबारा आता ऑनलाइन मिळतो, १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा मिळतो, पण सातबाऱ्यावर अमुक नाव कसं आलं हे सांगतो फेरफार. त्याच्या मागं वाटणीपत्र असतं, खरेदीखत असतं, कधी आज्यानं जपून ठेवलेली साध्या कागदावरची कबुली असते. कोल्हापूर संस्थान विलीन झालं १ मार्च १९४९ ला. त्याच्या आधीचा कागद असला तर तो मोडीत असण्याची शक्यता मोठी.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्या प्रश्नाच्या राजकारणात आज आपल्याला जायचं नाही. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच, की त्या निमित्तानं जुनी दप्तरं उघडली गेली, गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची पुस्तकं बाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणावं लागलं, आणि सापडलेल्या नोंदी स्कॅन करून संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी पुस्तकात ओढलेली एक ओळ, आणि तिच्यावर आजच्या पोराचा दाखला अवलंबून.

सरकारी दप्तर सरकार स्कॅन करील. घरातली ट्रंक कोण स्कॅन करणार? २००५, २०१९, २०२१ अशा तीन मोठ्या पुरांत शहरातल्या आणि नदीकाठच्या घरांतला किती कागद लगदा होऊन गेला, हे इथं बसलेल्यांना आम्ही सांगायला नको. म्हणजे हे काम घरातल्यांनीच, गावातल्या वाचनालयानं, शाळेनं करायचं आहे. तिथं काय असतं? एक जुना कॉम्प्युटर, ज्यावर नवं विंडोज चढत नाही. विंडोज १० ची मोफत देखभाल कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली, तेव्हापासून असे कॉम्प्युटर वाढलेच आहेत. आणि कपाटावर एक स्कॅनर, वर धूळ, ‘बंद आहे’ म्हणून बाजूला ठेवलेला. आमचा गेल्या काही वर्षांचा अनुभव असा की त्यातले बरेचसे बंद नसतात. दिवा लागतो, मोटर फिरते. त्यांच्याशी बोलणारं फक्त कोणी नसतं.

आता यंत्राकडं वळू. स्कॅनर म्हणजे काय, तर कागदावर उजेड टाकायचा, परत आलेला उजेड एकेका ठिपक्यात मोजायचा आणि त्याचा आकडा करायचा. १९५७ साली अमेरिकेत, तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेत, रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो अशा रीतीनं कॉम्प्युटरात घेतला. चित्र पाच सेंटिमीटर चौरस, ठिपके १७६ गुणिले १७६, म्हणजे एकतीस हजारांच्या आत. आज आपण ए-४ कागद ३०० डीपीआयनं स्कॅन करतो तेव्हा ठिपके होतात सुमारे सत्त्याऐंशी लाख. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे एका पानाचे सव्वीस एमबी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल. मधल्या काळात सपाट काचेचा स्कॅनर आला. रे कुर्झवाइल यांनी १९७६ मध्ये अंधांसाठी पुस्तक वाचून दाखवणारं यंत्र केलं, त्यात तो होता. कागद स्थिर, आणि काचेखालून सरकणारी नजर. टेबलावरचा हा स्कॅनर त्याच वंशातला.

१९९० च्या सुमारास असे स्कॅनर ऑफिसांत दिसू लागले आणि भाषेचा घोळ सुरू झाला. प्रत्येक कंपनीचा स्कॅनर वेगळ्या हुकमानं चालायचा. ‘दिवा लाव’, ‘एवढ्या वेगानं सरक’, ‘इथून इथपर्यंत बघ’ हे सांगायची प्रत्येकाची बोली वेगळी. मग काही कंपन्यांनी मिळून १९९२ मध्ये एक समान पद्धत काढली, तिचं नाव ट्वेन. हा शब्द रुडयार्ड किपलिंगच्या पूर्व-पश्चिमेवरच्या कवितेतून घेतला, त्याचा अर्थ ‘दोघं’. स्कॅनर आणि कॉम्प्युटर या दोघांची गाठ पडत नाही, म्हणून. किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५ साली, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात. त्याचे वडील तिथं शिकवायचे. तेव्हा जगभरच्या स्कॅनरच्या पद्धतीला मुंबईत जन्मलेल्या माणसाचा शब्द चिकटला आहे. पुढं लोकांनी त्या इंग्रजी अक्षरांची फोड गमतीनं ‘नावात काही दम नसलेलं तंत्रज्ञान’ अशी केली, ते सोडा.

ट्वेनमध्ये एक गोम होती. ड्रायव्हर आणि त्याची खिडकी, म्हणजे ज्यात आपण ‘रंगीत’, ‘काळं-पांढरं’, ‘३००’ निवडतो ती, दोन्ही एकाच पुडक्यात यायची आणि ते पुडकं कंपनी द्यायची. कंपनीनं दिलं तर आहे, नाही तर नाही. लिनक्ससाठी कंपन्या तेव्हा काहीच देत नव्हत्या. लिनक्स जन्मलं १९९१ ला, एका विद्यार्थ्याच्या हातून, त्याला कोण विचारतं? त्यामुळं लिनक्सवाल्यांनी एकेका मॉडेलसाठी सुटे प्रोग्रॅम लिहिले. एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. १९९६ च्या सुमारास डेव्हिड मॉसबर्गर आणि अँड्रियास बेक यांनी यावर उपाय म्हणून जे काम सुरू केलं त्याचं नाव सेन. इंग्रजीत ‘स्कॅनर ॲक्सेस नाउ इझी’ यातली पहिली अक्षरं, आणि शब्दाचा अर्थ शहाणा, ठिकाणावर असलेला.

सेननं काय केलं? पुडक्याचे दोन भाग केले. स्कॅनरशी त्याच्या बोलीत बोलणारा भाग वेगळा, त्याला बॅकएंड म्हणतात. माणसाशी बोलणारी खिडकी वेगळी. बॅकएंडनं फक्त यादी द्यायची, की माझ्याकडं हे पर्याय आहेत, एवढे डीपीआय आहेत, काच एवढी लांब आहे. खिडकी त्या यादीवरून बटणं मांडते. त्यामुळं खिडकी एकदा लिहिली की शेकडो स्कॅनरना चालते. एक्ससेन ही तशी एक जुनी खिडकी, बटणांनी गच्च भरलेली. नंतरची सिंपल स्कॅन नावाप्रमाणं साधी. आणखी एक फायदा असा, की दोन भाग वेगळे म्हटल्यावर ते एकाच कॉम्प्युटरवर असायला हवेत असं नाही. वाचनालयात स्कॅनर एका टेबलाला आणि काम दुसऱ्या टेबलावर, मधे साधं नेटवर्क, हे सेनमध्ये पहिल्यापासून बसतं.

हे झालं घराच्या आतलं. आता दार बदललं.

तोवर चांगले स्कॅनर स्काझी नावाच्या महागड्या केबलीनं जोडले जायचे आणि स्वस्तातले प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला. त्या जागी यूएसबी आलं. १९९४ पासून सात कंपन्या त्यावर काम करत होत्या, पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ ची. इंटेलमध्ये या कामात पुढं असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. गायकवाडांचं बडोदं आपल्याला काही परकं नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये १.१ आवृत्ती आली. तिचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट. आपलं मघाचं सव्वीस एमबीचं पान त्या वायरीतून यायला, काहीही अडथळा नसला तरी, सतरा-अठरा सेकंद लागतात. जुना स्कॅनर मधेच थांबतो, किंचित मागं जातो, पुन्हा पुढं सरकतो, हे पाहिलंय ना? बिघाड असेलच असं नाही. वायर भरलेली असते म्हणून तो थांबतो.

या दाराच्या उद्घाटनाची एक गंमत आहे. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स स्टेजवर होते. विंडोज ९८ बाजारात यायचं होतं, आणि त्यात कुठलंही यंत्र नुसतं लावलं की चालतं हे दाखवायचं होतं. त्यांच्या सहकाऱ्यानं यूएसबीला एक यंत्र लावलं आणि भल्यामोठ्या पडद्यावर निळा स्क्रीन आला, सगळं कोसळलं. लावलेलं यंत्र होतं स्कॅनर. तेव्हा घरी आपला स्कॅनर पहिल्या झटक्यात चालला नाही तर लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

आता मुख्य गाठ सोडवू. पेनड्राइव्ह चालतो आणि स्कॅनर का नाही? यूएसबी ठरवणाऱ्यांनी यंत्रांचे वर्ग पाडले. साठवणूक करणाऱ्यांचा एक वर्ग, कीबोर्ड-माउसचा एक, प्रिंटरचा एक. एका वर्गातली यंत्रं एकच प्रमाण भाषा बोलतात, म्हणून एक ड्रायव्हर सगळ्यांना पुरतो. स्थिर चित्रांसाठीही वर्ग होता, पण त्यात गेले मुख्यतः कॅमेरे. स्कॅनर बनवणाऱ्या कंपन्या त्याच्या वाटेला फारशा गेल्या नाहीत. त्यांनी आपली यंत्रं ‘कंपनीची खासगी भाषा’ या रकान्यात टाकली. म्हणजे भोक सारखं झालं, वायर सारखी झाली, बोली होती तशीच वेगळी राहिली. एकाच फलाटावर उभ्या असलेल्या, पण एकमेकांचं अक्षर न कळणाऱ्या माणसांसारखं.

लिनक्समध्ये यूएसबी खऱ्या अर्थानं रुळलं ते जानेवारी २००१ च्या २.४ आवृत्तीत. तिच्यात स्कॅनरसाठी एक छोटा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, ठेवलेला होता. स्कॅनर लावला की ‘यूएसबी स्कॅनर शून्य’ अशा नावाची एक फाइल दिसायची आणि सेन तिच्यातून बोलायचं. पण कर्नलला प्रत्येक मॉडेलचा नंबर माहीत असावा लागे. यादीत नसलं तर आपण हातानं नंबर द्यायचा. २.६ च्या काळात हा ड्रायव्हर काढूनच टाकला, आणि लिबयूएसबी नावाच्या मधल्या दुव्यातून सेन थेट यंत्राशी बोलू लागलं. हा इतिहास सांगायचं कारण व्यवहारातलं आहे. इंटरनेटवर जुन्या काळच्या सूचना अजून पडून आहेत, त्या सांगतात की ती ‘स्कॅनर शून्य’ फाइल शोधा. ती आता सापडणार नाही. लोक दोन-दोन दिवस तीच शोधत बसतात.

मग शोधायचं काय? प्रत्येक यूएसबी यंत्र लावल्याबरोबर आपली ओळख सांगतं. चार आकडे-अक्षरं कंपनीची, चार मॉडेलची. टर्मिनलवर ‘एल-एस-यू-एस-बी’ एवढी पाच अक्षरं टाइप केली की ती यादी येते. कॅननचं घराणं ०४ए९, एचपीचं ०३एफ०, एप्सनचं ०४बी८. ही ओळ दिसली म्हणजे वायर ठीक, स्कॅनर जिवंत. दिसली नाही तर लिनक्सला दोष देण्याआधी वायर बदला, दुसरं भोक बघा. हे छोटे स्कॅनर वेगळा वीजपुरवठा न घेता वायरीवरच चालतात, लांबलचक स्वस्त केबलीत त्यांना दम पुरत नाही.

पुढची पायरी ‘सेन-फाइंड-स्कॅनर’ ही आज्ञा. ती सांगते, इथं स्कॅनरसारखं काहीतरी आहे. पण ‘आहे’ म्हणजे ‘चालेल’ नव्हे, इथं बरेच जण फसतात. पाहुणा दारात आलाय एवढंच तिला कळतं, त्याची भाषा येते का हे कळत नाही. ते विचारायचं ‘स्कॅनइमेज’ला, पुढं आडवी रेघ आणि मोठा एल. तिनं मॉडेलचं नाव सांगितलं की काम झालं.

आणि इथं आम्हाला सर्वांत जास्त वेळा भेटलेली अडचण येते. तीच आज्ञा पुढं ‘सुडो’ लावून दिली तर स्कॅनर दिसतो, साध्या नावानं दिली तर दिसत नाही. याचा अर्थ भाषा येते, परवानगी नाही. लिनक्समध्ये यंत्राचा मालक रूट, आपण कूळ. कुळाचं नाव लागल्याशिवाय जमिनीत पाय ठेवता येत नाही. हे नाव लावायचं काम यूडेव्ह नावाची व्यवस्था करते. तिच्या नियमांत आपल्या स्कॅनरची ती आठ अक्षरं असली की बसलेल्या माणसाला हक्क मिळतो. काही ठिकाणी आपल्याला ‘स्कॅनर’ नावाच्या गटात स्वतःचं नाव घालून पुन्हा लॉगिन करावं लागतं. पाच मिनिटांचं काम. आणि एवढ्यावरून ‘लिनक्सवर चालत नाही’ असा शेरा मारून स्कॅनर कपाटावर गेलेले आम्ही पाहिलेत.

परवानगी असूनही दिसला नाही, तर मात्र भाषेचाच प्रश्न. इथं कंपनीच्या नावाला फार भुलू नका. गोकुळ शिरगावला किंवा शिरोलीला फाउंड्रीत काम केलेल्यांना हे लगेच कळेल. कास्टिंग इथं ओतलं जातं, मशीनिंग इथं होतं, आणि बाहेर नाव दुसऱ्याचंच लागतं. स्कॅनरचंही तसंच. डब्यावरचं नाव एक, आतली चिप भलत्याची. कॅननची कॅनोस्कॅन लाइड ही मालिका घ्या, आपल्याकडच्या ऑफिसांत, झेरॉक्सच्या दुकानांत खूप दिसते. लाइड २०, २५, ३० यांत नॅशनल सेमीकंडक्टरची चिप, ती प्लसटेक नावाच्या बॅकएंडवर चालतात. ३५, ६०, १००, ११०, २०० यांत जेनेसिस लॉजिकच्या चिपा, त्यांना जेनेसिस बॅकएंड. त्यानंतरच्या ३०० आणि ४०० ला पिक्स्मा नावाचं तिसरंच. एकच मालिका, दिसायला एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा, आणि बोली तीन. लाइड ७० ला तर कित्येक वर्षं ‘चालत नाही’ असा शेरा होता, शेवटी त्याच्यासाठी स्वतंत्र बॅकएंड लिहिलं गेलं.

कोणी लिहिलं? एप्सन, एचपी यांच्या काही जुन्या स्कॅनरांच्या आज्ञांचं वर्णन प्रसिद्ध होतं, ते आधी चालले. चिपचा कागद मिळाला तिथंही काम हलकं झालं. जिथं काहीच मिळालं नाही तिथं ज्याच्या घरी तो स्कॅनर होता त्यानंच ते केलं. आम्हाला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्कॅनर विंडोजच्या कॉम्प्युटरला लावायचा, कंपनीच्याच ड्रायव्हरनं चालवायचा, आणि वायरीवरून काय बोलणं जातं-येतं ते दुसऱ्या प्रोग्रॅमनं टिपून ठेवायचं. हजारो ओळी आकड्यांच्या. मग एकच गोष्ट बदलायची, ३०० ऐवजी ६०० डीपीआय. पुन्हा टिपायचं. दोन कागद शेजारी ठेवून बघायचं, कुठला आकडा बदलला. मग फक्त लांबी बदलायची. मग कोरा पांढरा कागद, मग पूर्ण काळा. असं करत करत कळतं की हा आकडा मोटरचा, हा दिव्याचा, हा रंगाचा. चुकला तर सरकणारी पट्टी काचेच्या टोकाला जाऊन धडकते आणि करकर आवाज येतो. अशा वेळी विचार न करता वायर उपटायची, असं या बॅकएंडांच्या माहितीपत्रकातच लिहून ठेवलेलं असतं.

आता मोडी शिकलेल्यांनी आठवा. आपण पहिला रुमाल सोडला तेव्हा काय केलं? पत्राचा मायना ठरलेला असतो. श्री, आशीर्वाद की दंडवत, साल, तारीख. ठरलेलं ओळखलं की त्यातली अक्षरं हाती लागतात, मग ती पुढच्या न कळणाऱ्या ओळींत शोधायची. दोन पत्रं शेजारी ठेवून एकाच नावाची दोन वळणं ताडून बघायची. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला १८९८ मध्ये, पुढं बावीस खंड झाले. त्यासाठी घराघरांतली दप्तरं मिळवायला त्यांनी गावोगाव पायपीट केली. मिळालेलं स्वतःजवळ न ठेवता वाचून, बाळबोधीत छापून लोकांपुढं टाकलं, तेव्हा पुढच्याला तिथून सुरुवात करता आली. सेनच्या लोकांनी तेच केलं. एकानं स्कॅनरचं बोलणं वाचलं की ते खुल्या परवान्यावर सगळ्यांना मिळालं. गेरहार्ड येगर, हेनिंग मायर-गाइनिट्स, स्टेफान वोल्ट्झ ही त्यांतली काही नावं. आणि सेनच्या यादीत प्रत्येक मॉडेलसमोर खरा शेरा असतो. पूर्ण, चांगलं, बेताचं, कमीत कमी, न तपासलेलं, चालत नाही. चालत नसलेल्याची नोंद ठेवणं आम्हाला फार आवडतं. आपल्याकडच्या किती सूच्यांत ‘हे वाचता आलं नाही’ असं लिहिलेलं असतं?

म्हणून जुन्या स्कॅनरचं दैव लिनक्सवर उलटं फिरलं. विंडोज ३२-बिटाकडून ६४-बिटाकडं गेलं तेव्हा जुने ड्रायव्हर निरुपयोगी झाले, आणि बऱ्याच जुन्या मॉडेलांसाठी कंपन्यांनी नवे काढले नाहीत. विकून झालेल्या मालावर कोण खर्च करील? बॅकएंडाचा मूळ मजकूर मात्र सगळ्यांकडं आहे, तो नव्या कॉम्प्युटरसाठी पुन्हा बांधता येतो. वीस वर्षांपूर्वीचा स्कॅनर आजच्या लिनक्सवर चालतो तो त्यामुळं.

सगळं गोड नाही, हेही सांगितलं पाहिजे. काही स्कॅनर असे की त्यांच्या पोटात स्वतःचा प्रोग्रॅमच कायमचा नसतो. दरवेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरनं तो पाठवायचा, त्याला फर्मवेअर म्हणतात. ती फाइल कंपनीची मालमत्ता, सेनला वाटता येत नाही. ती मूळ सीडीतून काढून ठरलेल्या जागी ठेवावी लागते. सीडी हरवली असेल तर पंचाईत. एप्सनच्या परफेक्शन मालिकेतल्या काही मॉडेलांचं असं आहे. तेव्हा स्कॅनरबरोबर आलेली सीडी भंगारात देऊ नका.

अलीकडं वारं थोडं बदललंय. नवी यंत्रं नेटवर्कवरून एकच प्रमाण भाषा बोलतात, आणि यूएसबी वायरीतूनही तीच बोलतात. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या डेबियन ११ पासून असे स्कॅनर ड्रायव्हरशिवाय चालतात. म्हणजे १९९६ ला यूएसबीत जे व्हायला हवं होतं ते पाव शतकानं झालं. नवा घेणाऱ्यांनी खोक्यावर ‘एअरप्रिंट’, ‘एअरस्कॅन’ असं काही आहे का बघावं. जुना असेल त्यांनी सेनच्या यादीत आपली ती आठ अक्षरं शोधावीत.

आता प्रश्न घेऊ. चिठ्ठी आलीय, ‘मोबाइलनं फोटो काढला तर चालत नाही का?’

चालतो. शिवलेली वही, जाड पुस्तक, मोठा नकाशा यांना मोबाइलच बरा, स्कॅनरवर दाबलं तर शिवण तुटते. पण सुट्या कागदाला स्कॅनर का, तर उजेड सगळीकडं सारखा पडतो, कडा वाकड्या होत नाहीत, आणि माप खरं राहतं. ३०० डीपीआयवर एक इंच म्हणजे तीनशे ठिपके. हद्दीचा नकाशा असेल तर याचं महत्त्व कळतं. मोडीतलं बारीक लेखन असेल तर ६०० घ्या आणि रंगीत घ्या. शाई आणि डाग यांतला फरक काळ्या-पांढऱ्यात हरवतो.

दुसरी चिठ्ठी, ‘स्कॅन केल्यावर कॉम्प्युटर ते वाचून देईल का?’

छापील मराठी बऱ्यापैकी देतो. टेसरॅक्ट नावाचा खुला प्रोग्रॅम आहे, मूळ एचपीत लिहिलेला, २००५ मध्ये खुला झाला. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून तो बराच सुधारला आणि त्यात मराठी आहे. जोडाक्षरं तपासून घ्यावी लागतात. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ मध्ये, पण हातानं लिहिलेली मोडी वाचायचं काम अजून मुख्यतः माणसांच्या डोळ्यांवरच चालतं. आपल्याकडं असे डोळे आहेत, तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांना नंतर भेटा.

तिसरा प्रश्न ताईंचा, ‘आमच्याकडं कागद पुरात भिजून वाळलेला आहे, चिकटलाय.’ ताई, तो आज काचेवर ठेवू नका आणि ओढून सोडवायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. शहरात पुराभिलेखागाराचं कार्यालय आहे, तिथं आधी विचारा. बाकी ज्यांनी कागद आणलेत त्यांनी इकडं टेबलापाशी या. पिना आणि टाचण्या काढून ठेवा, काचेवर ओरखडे पडतात. घडी असेल तर उलगडून पाच मिनिटं वहीखाली दाबा. कागद ज्याचा त्यानंच काचेवर ठेवायचा, फाइलला नाव आणि तारीख त्यानंच सांगायची. पेनड्राइव्ह आणला असेल तर लगेच घेऊन जा.